भुयार सरांची ओली लुंगी

कागदोपत्री पाहिलं तर देवीदास भुयार सर हे उमरी खारी या गावचे पक्के रहिवासी होते. सरपंच दरवर्षी तसा दाखला देत, सर तो कार्यालयात लावत आणि सरकार त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवी. प्रत्यक्षात उमरी खारीतला सूर्यास्त सरांनी कधी पाहिलेला नव्हता. शाळा सुटली की अब्दुल रहीमची काळी-पिवळी जीप फाट्यावर हॉर्न देई आणि दिवेलागणीला सर अमरावतीत, साईनगरातल्या स्वतःच्या झोपाळ्यावर चहा पीत असत. यात आपण काही खोटं वागतो असं त्यांना वाटत नसे. जिल्हा परिषद हायस्कूलचा सगळाच स्टाफ अपडाऊन करत होता, आणि जे सगळेच करतात ते चूक कसं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. सर गणित शिकवत.

मास्तर म्हणून ते वाईट नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं, आवाज खणखणीत, छडी नाही. एकच खोड होती. शेवटच्या तासाला कुणी शंका विचारली की सरांची नजर आधी घड्याळाकडे जाई आणि मग ते प्रेमाने म्हणत, "उद्या सांगतो हं." शिंप्याची मुलगी फलक नववीत होती आणि तिला शंका फार यायच्या. तिच्या नावावर इतके 'उद्या' जमा झाले होते की ते फेडायला सरांना निवृत्तीनंतरही शाळेत यावं लागलं असतं.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट गेली. कापूस कुणी विचारत नव्हतं, दिल्लीपासून मुंबईपर्यंतचे पुढारी गाड्यांचे ताफे घेऊन येत, पॅकेज जाहीर करत आणि धूळ उडवून परत जात. एवढं करूनही गावं काही हसेनात. तेव्हा वर कुणाच्या तरी लक्षात आलं की गावात सरकारचा माणूस म्हणून कुणी राहतच नाही. झालं, फर्मान निघालं. तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, सगळ्यांनी मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावीच, राहायचं. नुसतं राहायचं नाही, राहताना सापडायचं. त्यासाठी पथकं नेमली. अकोल्याकडे कुण्या मास्तरला जागेवर निलंबित केल्याची बातमी आली आणि आपल्याकडे त्याऐवजी थेट मेळघाटात बदली करणार अशी दुसरी बातमी तिच्या मागोमाग आली. चिखलदऱ्याला सहलीला जाऊन कॉफी पिणं निराळं आणि त्याच्या पलीकडच्या डोंगरात पेटी-वळकटी घेऊन उतरणं निराळं. सरांची झोप उडाली.

त्यांच्या सगळ्या अडचणी जीपमध्ये सुटत असत. जीपमधली पुढची सीट इतिहासाच्या खुशालराव बोंडे सरांची होती. ते वयाने मोठे होते आणि सल्ला देण्याच्या कामात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. वर्गात पोरं ऐकत नसतील, हेडमास्तर रजा देत नसतील, पोट बिघडलं असेल, सगळ्यावर खुशालरावांकडे तोडगा असे. त्यांची स्वतःची बाजू भक्कम होती. उमरी खारी ही त्यांची सासुरवाडी. सासऱ्याच्या दारावर त्यांनी आपल्या नावाची पाटी ठोकून ठेवली होती.

"भुयार सर, एक खोली घ्या," खुशालराव मान न वळवता म्हणाले. "पण नुसती खोली घेऊन भागत नाई. खोली राहती दिसली पायजे."

"बराबर हाय," गाडी चालवता चालवता रहीमने री ओढली. "बंद मकान अपने आप बोलता है सर. पाहणाऱ्याले वासावरूनच समजते."

"मंग का करू?"

"बाज टाका. स्टो ठेवा. आरसा, फणी, दंतमंजन. दोरीवर लुंगी." खुशालराव क्षणभर थांबले आणि मग त्यांनी आपल्या नोकरीतला सगळ्यात मौल्यवान सल्ला दिला. "अन् लुंगी ओली पायजे. वाळलेली लुंगी आठ दिवस बी लटकून राहते. साहेब लोक आता हुशार झाले, हात लावून पाहातेत."

खोली मिळाली ती गोदाबाईकडे. गोदाबाई एकटी होती, तिची समोरची खोली पूर्वी कापसाने भरायची, आता रिकामी पडली होती. सर खोली पाहायला गेले तेव्हा तिने ती आधीच शेणाने सारवून, उंबऱ्यावर हळदकुंकू लावून ठेवली होती. "माया घरी मास्तर राहीन," ती शेजारच्या बाईला सांगत होती, "आता मले राती भेव नाई." सरांनी तिला बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. ती समजली. तिचा चेहरा जरा उतरला, पण ती म्हणाली, "असू द्या जी. लुंगी मी भिजवत जाईन." सरांना तेव्हा कसंसंच झालं. पण रहीमचा हॉर्न वाजला आणि ते विसरले.

सामान नेताना घरी जो गोंधळ झाला तो सरांनी पुढे कुणाला सांगितला नाही. बाज, स्टोव्ह, आरसा आणि फणी एकाच दिवशी घराबाहेर जाताना पाहून शेजारच्या माणिकबाईंनी सरांच्या बायकोला, रागिणीवहिनींना, स्वयंपाकघरात गाठलं. माणसाने तिकडे स्टोव्ह नेला तर समजू शकतं, आरसा कशाला नेला, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांच्या माहितीत चांदूर रेल्वेच्या एका बँकेतल्या साहेबाचं असंच आरशापासून सुरू झालं होतं. रागिणीवहिनींचा नवऱ्यावर विश्वास होता, पण त्यांनी चांगला कुकर काढून घेतला आणि तडा गेलेला दिला. वर रोज संध्याकाळी सर आले की त्या आधी त्यांच्या शर्टाचा वास घ्यायला लागल्या. ज्या माणसाने आयुष्यात दुसरीकडे एक रात्र काढली नाही, त्याच्यावर दुसऱ्या संसाराचा आळ यावा आणि सरकारने मात्र त्याच माणसाला तो संसार नाही म्हणून धरावं, हा अन्याय सरांना फार लागला.

खरी पंचाईत निराळीच झाली. खोली राहती दिसावी म्हणून सरांनी तिथे एक चार्जिंगचा दिवा ठेवला होता. गावात संध्याकाळी लोडशेडिंग असायचं. गोदाबाई दार उघडं ठेवून तो दिवा लावी, उजेड रस्त्यावर येई आणि मास्तर राहायला आले हे गावभर झालं. दुसऱ्याच दिवशी शाळेत फलक सरांच्या टेबलापाशी उभी राहिली.

"सर, आमी काल संध्याकाळी आल्तो. तुमी नोयते."

"काल जरा बाहेर गेलो होतो," सर म्हणाले.

"मंग आज येतो."

"आजही जरा काम आहे."

त्या दिवसापासून रोज नवं कारण शोधणं हे सरांचं जीपमधलं काम झालं. कधी लग्न, कधी दाताचा डॉक्टर, कधी नांदगाव खंडेश्वरला मीटिंग. खुशालराव यातही मदत करत. "मयतीले गेल्तो म्हणा. मयतीवर कोणी पुढं विचारत नाई." सरांनी त्या महिन्यात इतके नातेवाईक मारले की पोरं त्यांच्याकडे फार दयेने पाहायला लागली. फलक मात्र कधी खोटं ठरवायची नाही. शाळा सुटली की ती दप्तर खांद्याला लावून शांतपणे विचारायची, "सर, आज कुठं जाता?" आणि सर सांगतील ते ऐकून मान डोलवायची. त्या मान डोलवण्याची सरांना भीती वाटू लागली. पोरं रोज खोलीवर येऊन बसतात, असं गोदाबाईने एकदा सांगितलं. काय करतात, हे सरांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

पथक या आठवड्यात येणार असं कळलं तेव्हा खुशालरावांनी शेवटचा सल्ला दिला. जीपमध्ये मास्तर म्हणून ओळखू यायचं नाही. एका बियाणे कंपनीने फुकट वाटलेली हिरवी टोपी त्यांनी सरांच्या डोक्यावर बसवली, पेन खिशातून काढायला लावलं आणि सर आता शंभर टक्के दुसरेच कुणी दिसतात असा निर्वाळा दिला.

सकाळची वेळ होती. नांदगावच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक सरकारी गाडी बॉनेट वर करून उभी होती. शेजारी एक तरुण साहेब हात दाखवत होते. रहीमने सवयीने ब्रेक लावला आणि लावल्यावर गाडीवरची पाटी वाचली. तोवर उशीर झाला होता. साहेब आत चढले आणि नेमके भुयार सरांना खेटून बसले.

"उमरी खारीला सोडा," साहेब म्हणाले. नवे होते, पुण्याकडचे. "मुख्यालय तपासणी आहे. माझी गाडी मागून येईल." मग त्यांनी सहज पुढे पाहून विचारलं, "आपण?"

"मी उमरीचा जावई," खुशालराव म्हणाले, आणि एक अक्षर खोटं न बोलता त्यांनी डोळे मिटून घेतले. इतिहासाचा अभ्यास असल्यामुळे माघार कधी घ्यायची हे त्यांना कळत होतं.

"आणि तुम्ही बियाणं कंपनीचे का?" साहेबांनी टोपीकडे बोट केलं.

इथे भुयार सरांना खरं सांगता आलं असतं. ते पुढे कित्येक दिवस स्वतःला हेच सांगत राहिले. पण तोंड उघडण्याआधी मान हलली आणि मान हलली ती होकारार्थी. रहीमने आरशातून त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

फाट्यावर उतरल्यावर सरांनी पाय उचलला होता, पण साहेबांनी हाक मारली. "अहो, तुम्हाला गाव माहीत असेल. जरा त्या भुयार सरांची खोली दाखवता का?" जावईबापू तोवर सासुरवाडीच्या दिशेने नाहीसे झाले होते. तेव्हा डोक्यावर हिरवी टोपी घालून देवीदास भुयार सर साहेबांना देवीदास भुयार सरांची खोली दाखवायला निघाले, आणि मारुतीच्या पारापाशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला वाट आठवत नाही. ते डावीकडे वळले, तिथे गोठा निघाला. उजवीकडे वळले, तिथे एक बाई अंघोळीचं पाणी तापवत होती. तिने सरांना पाहून पदर सावरला, साहेबांना पाहिलं, टोपी पाहिली आणि काही न विचारता बोटाने पुढची गल्ली दाखवली. आपल्याच घराचा पत्ता असा मुक्याने मिळाल्यावर सरांचे कान तापले.

खोलीचं दार सताड उघडं होतं. आत नववीची पोरं सतरंजीवर ओळीने बसली होती. भिंतीला टेकवून एक फळी काळी करून ठेवली होती, तिच्यावर वर्गसमीकरण अर्धं सुटलेलं होतं आणि खडू फलकच्या हातात होता. पोरांनी दारातल्या साहेबांना पाहिलं, मग मागच्या टोपीवाल्याला पाहिलं. कुणी हसलं नाही. कुणी 'सर' म्हणून उठलं नाही. सरांना वाटलं, एकाने जरी हाक मारली तर सुटका होईल. पण पोरं गावची होती, त्यांना एका नजरेत सगळं कळलं होतं.

"भुयार सर कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"फिराले गेले जी," फलक म्हणाली. तिने सरांकडे पाहिलं नाही. "रोज जातेत सकाळी."

"इथे राहतात ते?"

"मंग! हे लुंगी पाहा ना," गोदाबाई आतून येत म्हणाली. "आत्ताच धुतली."

साहेबांनी दोरीवरची लुंगी चिमटीत धरून पाहिली. बोटं ओली झाली. त्यांनी समाधानाने मान हलवली.

"तुम्हाला शिकवतात का घरी?"

"रोज शिकवतेत," फलक म्हणाली. मग तिचा आवाज जरा बदलला, जणू ती पाठ केलेलं सांगत नव्हती. "कोणाले समजलं नाई त पुन्हा सांगतेत. किती बी वेळ सांगतेत. कंटाळत नाईत. घड्याळ पाहात नाईत. आमची शंका उद्यावर टाकत नाईत."

"आमाले तारे दाखवतेत," मागून एक पोरगा म्हणाला.

"माया बाप दवाखान्यात होता तवा मायजवळ येऊन बसले होते," आणखी एकीने भर घातली.

पोरं सांगत गेली आणि भुयार सर दारात उभे राहून ऐकत गेले. पोरं सांगत होती त्या मास्तरला आवाज मोठा करावा लागत नव्हता. त्याला गावातलं प्रत्येक घर माहीत होतं. तो कुणाच्या बारशाला जाई, कुणाचं भांडण मिटवी आणि शाळा सुटल्यावर त्याला कुठेही जायचं नसे. भुयार सरांना त्या माणसाचा हेवा वाटला आणि मग एकदम लाज वाटली. पोरं थापा मारत नव्हती, इतके दिवस या खोलीत बसून त्यांनी जो मास्तर मागितला होता त्याचं वर्णन करत होती. आपल्यासाठी पोरं खोटं बोलताहेत, आणि ते इतकं छान बोलताहेत, हे त्यांच्याने बघवेना. त्यांनी नजर खाली घातली.

साहेबांनी फळीवरचं गणित पुढे सोडवायला सांगितलं. मागच्या रांगेतला पोरगा उठला आणि त्याने ते बरोबर सोडवलं. वर्गात त्याच पोराला सरांनी कधीचं सोडून दिलं होतं.

"वा!" साहेब खरोखर भारावले होते. "एवढा फिरलो, असा शिक्षक पाहिला नाही. भेटायला हवं होतं." मग ते टोपीवाल्याकडे वळले. "पाहा, शिका यांच्याकडून. तुम्ही कंपनीवाले गावात येता, माल खपवता आणि निघून जाता."

"सांगा साहेब, सांगा त्याले!" गोदाबाई पुढे झाली. तिने कंबरेवर हात ठेवले होते आणि तिचे डोळे सरांवर रोखलेले होते. "लय वर्षं झाले, येऊन राहिला. गोड बोलते. आज नाई उद्या, उद्या नाई परवा. पेरून जाते अन् संध्याकाळच्या गाडीनं पळते. उगवलं का नाई उगवलं, हे पाहाले कवा आला नाई!"

"खरं आहे का हे?" साहेबांनी कडक आवाजात विचारलं.

"खरं आहे," भुयार सर म्हणाले. त्या सकाळी ते बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

साहेबांची गाडी दुरुस्त होऊन आली. आता साहेब शाळेतही येणार, म्हणून सरांनी टोपी आणखी खाली ओढली, पण साहेब म्हणाले की शाळा पाहणारं खातं वेगळं, आपलं काम राहण्यापुरतं, आणि पुढे अजून गावं आहेत. भुयार सरांच्या नावाची शिफारस आदर्श शिक्षकासाठी करतो, असं गोदाबाईला सांगून ते गेले.

धूळ खाली बसली. सरांनी टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून हातातच धरली. मेळघाट टळला होता, नोकरी वाचली होती, आणि इतकं मेल्याहून मेल्यासारखं त्यांना आयुष्यात कधी झालं नव्हतं. पोरांनी दप्तरं आवरली. फलक शेवटी निघाली. दारात थांबून तिने खडू त्यांच्या तळहातावर ठेवला.

"सर, बराबर सांगतलं ना?"

सरांनी खडूवर मूठ मिटली. ते म्हणाले, "शाळेची घंटा होईल. चल."

शाळा सुटली. फाट्यावर रहीमचा हॉर्न वाजला. आज तो जरा जास्त लांब वाजला, कारण खुशालरावांना सगळी हकिकत ऐकायची होती आणि पुरस्काराच्या वेळी काय बोलावं याचा सल्ला द्यायचा होता. भुयार सर फाट्यापर्यंत गेले. जीपच्या खिडकीत वाकून म्हणाले, "घरी निरोप सांगा, आज येत नाही."

"अबे, पथक त गेलं ना!" खुशालराव चक्रावले. "आता काहून राहाता?"

रहीमने गिअर टाकला. रागिणीवहिनींना हा निरोप माणिकबाईंच्या समोर मिळणार होता आणि त्याचं पुढे काय होणार हे सरांना दिसत होतं, पण ते मागे फिरले.

या खेपेला वाट चुकली नाही. खोलीत येऊन त्यांनी शर्ट खुंटीला लावला, पँट बदलावी म्हणून दोरीकडे हात नेला आणि थबकले. घालायला दुसरं काही नव्हतं. गोदाबाईने साहेब गेल्यावरही नेमाने पाण्याचा हबका मारून ठेवला होता. लुंगीतून थेंब गळत होते. सरांनी ती तशीच गुंडाळली. अंगावर काटा आला. कशीबशी बाजेवर बैठक मारली तोच पोरं आली. सर आहेत हे पाहून ती दारातच एकमेकांना ढकलत उभी राहिली. सर असताना कुठे बसायचं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"या, बसा," सर म्हणाले. "फलक, तुझ्या शंका काढ. सगळ्या."

फलकने दप्तर उघडलं नाही. तिने बाजेखाली जमलेलं पाणी पाहिलं. "सर, लुंगी ओली हाय."

गोदाबाई दिवा घेऊन आली. तिनेही पाहिलं आणि पदर तोंडावर धरून हसली. मग हसू आवरून तिने दिवा खिळ्याला अडकवला आणि अगदी कामापुरतं विचारलं, "उद्या राहाता का जी? राहात असाल त वाळू घालतो. नाई त रोजच्यासारखी ओलीच ठेवतो."

प्रश्न सोपा होता, हो किंवा नाही. पण उत्तर सरांच्या ओठांवर लगेच आलं नाही. मध्ये साईनगर आलं, झोपाळा आला, रागिणीवहिनींचा चेहरा आला. पोरं त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती आणि किती वेळ लागतो आहे हे प्रत्येकाला दिसत होतं. साहेबांसमोर वाटली नव्हती एवढी लाज सरांना या गप्प बसण्याची वाटली.

"वाळू घाला," ते म्हणाले.

फलकने मान डोलवली. रोज जशी डोलवायची तशीच.